घाटकोपरचं कोपर

तिने मला पहिल्यांदा मारलं तेव्हा मी नववीत होते. रिंगखाली चेंडूसाठी उडी मारली आणि तिचं कोपर थेट माझ्या भुवईवर बसलं. कातडी फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. पालिकेच्या शाळेमागचं आमचं सिमेंटचं कोर्ट लाल दिसायला लागलं. ती दुसऱ्या संघातली नव्हती, आमच्याच संघातली होती. वयाने माझ्या दुप्पट, राज्याकडून खेळून आलेली, आम्हा सगळ्यांची ताई. स्वतःचा रुमाल माझ्या भुवईवर दाबत म्हणाली, "पाय कुठे होते तुझे? पाय जागेवर असते तर लागलं नसतं गो."

सॉरी वगैरे काही नाही.

भांडुप-मुलुंडच्या मुली तिच्या वाऱ्याला उभ्या राहायच्या नाहीत. भिंतीवर बसलेली पोरं ओरडायची, "घाटकोपरचं कोपर आलं रे, दात सांभाळा." पुढच्याच चेंडूला कुणीतरी बरगडी धरून खाली बसायची. हे मी कौतुकाने सांगत नाही, तिच्या वतीने माफीही मागत नाही. मुलींचा बास्केटबॉल म्हणजे नाजूक पळापळी असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा रिंगखाली उभं राहून बघावं.

मग दहा-बारा वर्षांनी उपनगरांची लीग निघाली, खेळाडूंचा लिलाव करणारी. पैसा आला आणि पैशाच्या मागून नियम आले. प्रत्येक संघाला मानधनासाठी सारखीच रक्कम, त्यावर एक पैसा नाही. जुनी खेळाडू लिलावात न पाठवता स्वतःकडे ठेवायची असेल तर तिचं मानधन लीग ठरवणार. राज्याकडून खेळलेलीचं सगळ्यात जास्त. म्हणजे ताईला ठेवलं की जवळजवळ अर्धी रक्कम तिच्यावर संपली. सगळे संघ समान व्हावेत म्हणून हा नियम, असं सांगतात. प्रत्यक्षात काय होतं? जिने सगळ्यात जास्त वर्षं दिली तीच संघाला जड होते. अनुभव हा गुन्हा आणि हा त्याचा दंड.

मी कंत्राटी सफाई कामगारांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहिते. मला दुसरं काय सुचणार? पत्रक काढलं. मथळा होता, 'झिजलेल्या गुडघ्यांचा हिशोब कोण देणार?' कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेल्या संघातल्या प्रत्येकीच्या हातात दिलं.

"झकास लिहिलंयस गं," कॅप्टन म्हणाली. ती माझ्याच वर्गातली, लहानपणापासूनची. "पण रिंगखाली उंच पोरगी कोण देणार? तुझी युनियन?"

"ताईला काढून उंच पोरगी आणायची?"

"काढतंय कोण? लिलावात सोडायचं आणि तळाच्या भावात परत उचलायचं. ह्या वयाच्या बाईवर दुसरं कोण बोली लावणार आहे?"

हे ती ताईच्या देखत बोलली. ताईने माझं पत्रक घडी घालून बुटाखाली ठेवलं.

"माझ्या गुडघ्यांवर पानभर लिहिलंस गो," मला म्हणाली. "माझ्या खेळावर एक ओळ नाय."

"ताई, मी तुझ्याच बाजूने लिहिलंय."

"दोघी मला म्हातारी म्हणताय. ती भाव पाडून, तू डोळे पुसून." मग कॅप्टनकडे वळली. "सोड मला लिलावात. बघूया."

लिलाव मुलुंडच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये होता. बोली चालू असताना खेळाडूने स्टेजवर उभं राहायचं, अशी तिथली पद्धत. जिथे नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडतात तिथे ताई हात मागे बांधून उभी होती. निवेदकाने माइकवर तिचं वय सांगितलं. हॉलमध्ये हशा पिकला. आमच्या कॅप्टनने तळाच्या भावाला बोलीची पाटी वर केली. निवेदक "एक वार, दोन वार" म्हणेपर्यंत सगळं तिच्या हिशोबाने चाललं होतं.

भांडुपची पाटी वर गेली.

कॅप्टनची पाटी मांडीवरच. उंच पोरगी आधीच घेऊन झाली होती. थोडी रक्कम उरली होती, पण ती तिला आणखी एकीसाठी हवी होती. "जाऊ दे ना यार," म्हणाली.

मी पाटी हिसकावली. तिने माझं मनगट पिरगाळलं. मी तिच्या कानाखाली दिली. तिने माझे केस धरले आणि आम्ही दोघी खुर्च्यांसकट आडव्या झालो. तिच्या नखांनी मानेवर काढलेले ओरखडे महिनाभर दिसत होते. आम्हाला ओढून वेगळं करेपर्यंत ताई भांडुपची झाली होती. स्टेजवरून तिने आमची मारामारी शांतपणे बघितली आणि भांडुपची जर्सी डोक्यातून घातली.

लीगमध्ये भांडुपशी आमची गाठ पडली. आमच्या उंच पोरीला ताईने पहिल्या काही मिनिटांतच पोटात खांदा घालून झोपवलं. पोरगी श्वासासाठी तडफडत होती. मग ताईला अडवायचं काम माझ्याकडे आलं. तिने माझ्याकडे ओळखीने बघितलंसुद्धा नाही. पाठ लावली, मला रेटत रिंगखाली नेलं, वळली. कोपर तोंडावर. काहीतरी कडकन तुटलं. ओठ फाटून दोन झाले. सिमेंटवर रक्त आणि त्यात माझा पुढचा दात.

ती वाकली. "पाय कुठे होते तुझे?"

मी खाली बघितलं. "जागेवर," मी म्हटलं. शब्दांबरोबर रक्त बाहेर आलं.

तिने माझ्या पायांकडे बघितलं, बराच वेळ. मग पंचाकडे वळून हात वर केला. फाउल आपला, अशी कबुली. आमच्या संघात असताना मी तिला हा हात वर करताना कधी बघितलं नव्हतं.

रक्त येतंय म्हणून पंचाने मला बाहेर बसवलं. मॅच आम्ही हरलो, चांगलीच वाट लागली. कॅप्टन माझ्या ओठावर बर्फ धरून बसली होती. "पुढच्या लिलावात हिला परत आणू," म्हणाली.

"ती आता लिलावात येणारच नाही," मी म्हटलं.

नाहीच आली. भांडुपने तिला ठेवलं, नियमाने ठरलेलं पूर्ण मानधन देऊन.

नियम आजही तसाच आहे, म्हणून यंदा पुन्हा पत्रक काढलंय. त्यात गुडघ्यांचा उल्लेख नाही, खेळाचा आहे. पहिली ओळ आहे: 'माझा पुढचा दात कुणी पाडला, ते आधी विचारा.'