पत्रिकेच्या मागच्या पानावरचा नवरदेव

माझी पहिली विज्ञानकथा खऱ्या अर्थानं वाचकांच्या हाती पडली, तेव्हा तिच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं होतं आणि सोबत सहकुटुंब जेवणाचं आमंत्रण होतं. असं भाग्य फार थोड्या लेखकांना लाभतं. त्यात माझी कर्तबगारी शून्य आहे, हे आधीच सांगून टाकतो. (नंतर सांगायचा धीर होत नाही.)

मी मूळचा कराचीचा. आम्ही मराठीच, पण वडिलांची नोकरी तिथल्या गोदीत आणि माझी शाळाही तिथलीच. फाळणी झाली, आम्ही एक ट्रंक आणि एक स्टोव्ह घेऊन निघालो आणि काकांच्या ओळखीनं थेट पांढरकवड्याला येऊन थांबलो. समुद्राकाठच्या माणसाला पांढरकवड्याच्या मे महिन्यात आणून उभं केलं, की आपण दुसऱ्या ग्रहावर उतरलो असं त्याला वाटणारच. मी त्यावरच कथा लिहायला लागलो. गावानं माझं नाव ठेवलं 'कराचीवाले' आणि माझ्या सगळ्या चुका एकाच खात्यात टाकल्या. मी भाकरीला काट्यानं टोचलं, काम नसताना संध्याकाळी फिरायला निघालो, उलटा सदरा घालून बाजारात गेलो, तरी लोक समजुतीनं म्हणत, "कराचीकडं तसंच असन." ही समजूतच पुढं माझ्या मुळावर आली.

याच गावात माझं लग्न विमलशी झालं. तिचे वडील बापूराव (मी त्यांना मामा म्हणत असे) तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली टेबल टाकून बसणारे अर्जनवीस. तालुक्यातले अर्धे तंटे त्यांच्या सुंदर अक्षरात नोंदलेले होते. ज्या कागदाला तिकीट नाही आणि ज्याच्या खाली सही नाही ते लिखाणच नव्हे, असं त्यांचं ठाम मत होतं. माझ्या कथांना दोन्ही नव्हतं.

अठ्ठावन्न साली मी यवतमाळहून पायानं चालवायची जुनी ट्रेडल मशीन आणली आणि मोटारस्टँडजवळ छापखाना काढला. बेत मोठा होता. दिवसा पावतीपुस्तकं छापायची आणि फावल्या वेळात 'चंद्रावरची बिऱ्हाडं' ही माझी कादंबरी एकेक प्रकरण करून विकायची. पहिलं प्रकरण मी नागपूरहून मागवलेल्या जाड गुलाबी कागदावर, एकाच बाजूनं छापलं. मामांच्या धाकानं त्यावर स्वतःचं नाव मात्र घातलं नाही. चार प्रती खपल्या. त्यातली एक विमलनं घेतली होती, ती पुढं पापडांच्या डब्याच्या तळाशी सापडली. उरलेला गठ्ठा मी कपाटात ठेवला, आणि मामा येताना दिसले की तो पालथा घालायचो, म्हणजे कोरी बाजू वर. पुढं पुढं तो पालथाच राहिला.

त्याच सुमारास माझी मेहुणी शांता हिचं वणीला जमलं. मुलगा कोळशाच्या खाणीवर कारकून आणि त्याचे वडील देवराव मास्तर म्हणजे कडक शिस्तीचे निवृत्त हेडमास्तर. मामा छापखान्यात आले, मशीनकडं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "जवाईबापू, शांताची पत्रिका तुमच्याकडं देतो. इज्जत राह्यली तर मशीन ठेवा. गेली, तर मशीन विकून टाका आन माह्या बाजूले लिंबाखाली अर्ज लिहाले बसा. तुमचं अक्षर वाईट हाये, पन तुमाले शिकवून घेऊ."

मला त्या लिंबाची स्वप्नं पडायला लागली. पत्रिकेत मी जीव ओतला. गणपतीचा ठसा स्वतः घासून लख्ख केला, अक्षरांचे खिळे जुळवले, नावं सात वेळा तपासली. शोभेसा कागद हवा म्हणून कपाटातला गुलाबी गठ्ठा काढला आणि दोन दिवस मशीनवर पाय मारून पत्रिका छापल्या. समोरची बाजू निर्दोष होती. (मागची बाजूही तपासायची असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.)

विमल आणि सासूबाई लुगड्यांच्या खरेदीला नागपूरला गेल्या होत्या. त्यामुळं पत्रिकांना हळदकुंकू लावून घड्या घालायचं काम मामांच्या बहिणीनं, आत्याबाईंनी, चार शेजारणींना घेऊन केलं. तिथं काय बोलणं झालं ते मला फार उशिरा कळलं.

"आत्याबाई, मांगून बी काही लिवलं हाये वो."

"असू दे. कराचीकडं लिवत असतीन."

"जवाईबापूले विचारू का?"

"जवायाले असं विचारत असतात का? वाईट वाटन त्याईले."

एवढ्या मायेपोटी सगळ्या पत्रिका वाटल्या गेल्या. केळापूरला गेल्या, पाहुण्यांकडं गेल्या, निम्म्या एसटीच्या कंडक्टरबरोबर वणीला मास्तरांकडं गेल्या. ज्यानं ज्यानं मागची बाजू पाहिली त्यानं ती कराचीची रीत म्हणून आदरानं वाचली.

चौथ्या दिवशी सकाळी मामांनी मला घरी बोलावून घेतलं आणि एक पत्रिका पुढं धरली.

"हे काय हाये?"

"पत्रिका."

त्यांनी ती उलटी केली. माझं पहिलं प्रकरण मला ओळखू आलं. चंद्रावर वजन कमी भरतं, म्हणून तिथल्या पहिल्या लग्नात अक्षता खाली पडतच नाहीत आणि मंगलाष्टकं चालू असताना नवरदेव पाटावरून हळूहळू वर जायला लागतो, असा तो प्रसंग होता. मामांनी शेवटच्या ओळी कोर्टात वाचाव्या तशा वाचल्या. "नवरीने त्याच्या उपरण्याचे टोक पकडले. उपरण्याची गाठ सैल होऊ लागली. नवरदेव मांडवाच्या वर दिसेनासा झाला. पुढील भाग लवकरच."



"शांताचा नवरा वर उडून गेला?"

"शांताचा नाही मामा, चंद्रावरच्या मुलीचा."

"शांताच्या पत्रिकेवर दुसऱ्या पोरीचा नवरा काहून राहीन?"

मी पत्रिका त्यांच्या हातातून घेऊन पुन्हा सुलटी केली.

शांता दारात उभी होती. तिनं मुलाला एकदाच पाहिलं होतं आणि तो तिला फार आवडला होता, हे घरातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं. तिच्या तोंडाकडं मला बघवेना. खरं सांगतो, तेव्हा मला चंद्राची, कादंबरीची आणि स्वतःची शरम वाटली. मशीन आजच विकावी, असं मनाशी ठरवलं.

तेवढ्यात बाहेर कोळशाचा ट्रक थांबला आणि त्यातून देवराव मास्तर उतरले. धोतरावर कोळशाची भुकटी, हातात गुलाबी पत्रिका. लग्न मोडायला व्याही स्वतः येतो तेव्हा अंगणातली माणसं आपोआप उभी राहतात, तशी सगळी उभी राहिली. मास्तर बसले, पाणी प्यायले, मिशा पुसल्या.

"हे कोनं लिवलं?"

मामांनी माझ्याकडं बोट दाखवलं. साक्षीदारानं आरोपी ओळखावा, इतक्या तत्परतेनं.

"मंग तुमीच सांगा," मास्तर म्हणाले. "ते पोट्टं खाली आलं का नाही?"

"कोण पोट्टं?"

"नवरदेव. माही माय काल सकायपासून जेवली नाई. मीनंच तिले वाचून दाखवलं, माहीच चुकी. ती म्हनते, पत्रिकेतला नवरदेव अधांतरी लोंबकयत असताना आपल्या घरी हळद लागनार नाई. आधी त्याले खाली आना. मंग लग्न."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आता एक गोष्ट कबूल करायला हवी. पुढं काय होतं, हे मला माहीत नव्हतं. लेखकाला सगळं माहीत असतं, हा वाचकांचा गैरसमज असतो आणि तो मी त्या दिवसापर्यंत नीट जपला होता.

"करा न खाली त्याले," मामा कडाडले.

"कसं करू? चंद्रावर वजनच भरत नाही."

दारातून शांताचा आवाज आला. "नवरीले बी उडवा न भाऊजी. तिनं उपरनं सोडलंच नाही म्हना. दोघं संगंच वर गेले, तर मंग पडाची भीती कोनाले?"

मास्तरांनी होणाऱ्या सुनेकडं पाहिलं आणि पहिल्यांदा हसले.

मी कागद घेतला आणि भराभर लिहायला बसलो. पण माझं अक्षर मास्तरांना वाचता येईना. मामांनी माझ्या हातातला टाक काढून घेतला. "तुमी सांगा, मी लिवतो." मी सांगत गेलो आणि ते लिहीत गेले, फक्त आपल्या पद्धतीनं. मी म्हटलं, दोघं तरंगत खाली आले. त्यांनी लिहिलं, "सदरहू वधूवर हे दोघेही राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय पाटावर उतरले, याबद्दल कोणाचीही तक्रार नाही." मास्तरांना ते वाक्य इतकं पटलं की त्यांनी दोनदा वाचून घेतलं. मग ते कागदाची एक नक्कल खिशात घालून कोळशाच्या ट्रकनं वणीला गेले आणि त्यांची आई जेवली.

दुसरं प्रकरण मी घाईघाईनं जुळवलं आणि लग्नात अक्षतांबरोबर वाटलं. मंगलाष्टकांच्या आधी मास्तरांनी ते हेडमास्तरी आवाजात मांडवभर वाचून दाखवलं. नवरी वर जाते तिथं बायकांनी पदर तोंडाला लावले, तक्रार नाही म्हटल्यावर म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मास्तरांची आई म्हणाली, "झालं बाप्पा. आता लावा लग्न." शांता माझ्याकडं बघून हसली, आणि माझे डोळे भरून आले. होमाच्या धुरानं म्हणून मी सांगितलं. (होम अजून पेटायचा होता.)

जेवणं आटोपायच्या आत तीन लग्नघरांनी पत्रिका मागितल्या, मागच्या बाजूच्या प्रकरणासकट. पुढची कित्येक वर्षं माझी कादंबरी पांढरकवडा, वणी आणि आसपासच्या गावांत लग्नसराईनं पुढं सरकली. लोक एकमेकांकडं पत्रिका मागून वाचत. एक वकील तर निव्वळ सातव्या प्रकरणासाठी अनोळखी लग्नात जेवून आले. मुलींचे बाप "आमच्या घरी भांडनाचं प्रकरन नोको, गोड द्या" म्हणून आगाऊ सांगून जात. आमच्या पलीकडच्या वस्तीत नव्यानं बौद्ध झालेल्यांपैकी अंबादास गुरुजी मुलीच्या लग्नाची पत्रिका छापून घ्यायला आले.

"गनपती नको, कुंकू नको," ते म्हणाले. "चंद्र चालन. पन एक सांगा, तुमच्या चंद्रावर विहिरी किती?"

"एकच," मी म्हणालो. "सगळ्यांची."

"मंग छापा."

त्या प्रकरणाचा मला आजही सगळ्यात जास्त अभिमान वाटतो.

मशीन राहिली. मामांनी लिंबाखालचं टेबल उचलून माझ्या छापखान्यात आणून टाकलं आणि ते दर प्रकरण स्वतःच्या अक्षरात उतरवून द्यायला लागले. माझ्या चंद्रावरची माणसं त्यानंतर एकमेकांना रीतसर नोटिसा द्यायला लागली, आणि कादंबरी त्यामुळं सुधारली, हे मला कबूल करावं लागतं.

पुढं खरोखरच माणूस चंद्रावर उतरला. रेडिओवर बातमी आली तशी पांढरकवड्यात कोणाला फारसं नवल वाटलं नाही. "आपल्याकडं तं शांताच्या लग्नातच उतरलते," लोक म्हणाले. पण लेखकाचा सत्कार झाला पाहिजे, असं ठरलं. हार, पेढे आणि बँड घेऊन मिरवणूक मोटारस्टँडकडं वळली. मी मशीन थांबवली, शाईचे हात पुसले, केस सारखे केले आणि दारात येऊन मान पुढं केली.

हार मामांच्या गळ्यात पडला.

मामा कोणताही कागद सही केल्याशिवाय खाली ठेवत नसत. दुसऱ्या प्रकरणापासून प्रत्येक पानाखाली त्यांनी सवयीनं 'बापूराव, अर्जनवीस' अशी सही केली होती, आणि मी गडबडीत जे समोर दिसलं ते खिळ्यांत जुळवत गेलो होतो. आयुष्यात तेवढीच एक गोष्ट मी तंतोतंत छापली होती.

बँड वाजत मामांना घेऊन गेला. मागं राहिलेल्या एका म्हाताऱ्यानं माझ्या हातावर पेढा ठेवला आणि मायेनं विचारलं, "जवाईबापू, सासऱ्याचं पाहून तुमी बी काही लिवता का नाही?"

"नाही जी," मी म्हणालो. "माझं अक्षर वाईट आहे."