पांढऱ्याला बुळकांडी कुठून लागली

आमच्या डॉक्टरकीच्या शाळेत गुरुजी एकदा म्हणाले, "रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो हवेने की स्पर्शाने, यावर विलायतेतल्या मोठ्या डॉक्टरांचेही एकमत नाही. तेव्हा पुस्तकातले सांगू नका. स्वतः पाहिलेले एखादे उदाहरण सांगा."

मुंबईच्या मुलांनी हात वर केले. कोणी पटकीचे सांगितले, कोणी देवीचे. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहिलो आणि खाली बसलो. मी पाहिले नव्हते असे नाही. पण जे पाहिले ते हवेच्या बाजूने सांगावे की स्पर्शाच्या, हे मला कळेना. अजूनही कळलेले नाही. म्हणून जसे घडले तसे लिहून काढतो आहे.

आमचे गाव दर्यापूरहून अकोल्याला जाणाऱ्या गाडीवाटेवर. ती कापसाची वर्षे होती. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस येईना, आणि वऱ्हाडातला कापूस माणसे हातोहात नेत होती. आगगाडीचे रूळ अजून अकोल्याला पोचले नव्हते. त्यामुळे सगळा माल बैलगाडीने जाई. ज्याच्याकडे चांगली जोडी, त्याला दम घ्यायला फुरसत नसे.

माझ्या दादाकडे तशी जोडी होती. एक पांढरा, एक तांबूस रंगाचा कोसा. दादाला अक्षरओळख नाही. वडील गेल्यावर त्याने शेत सांभाळले आणि गाडी हाकली, आणि त्या गाडीच्या जोरावर मी मुंबईला गेलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते. दादा गावात सांगे, "माहा भाऊ बैलाइच्या खांद्यावर बसून डाक्तर होऊन राहिला." लोक हसत. पण ते खरेच होते. जोडी बसली असती तर दादाची गाडी बसली असती, आणि माझे शिक्षणही.

त्या वर्षी माघात मी सुटीवर घरी आलो, तेव्हा पूर्णेकाठच्या गावांत गुरांना बुळकांडी लागल्याची बातमी होती. हा रोग आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. बैल आधी खाणे सोडतो, डोळ्यांतून पाणी गळते, तोंडात फोड येतात, मग हगवण लागते आणि आठवड्याभरात तो आडवा होतो.

मला त्या वेळी एक उत्साह आला होता. त्याची आता लाज वाटते. रोग कसा फिरतो हे आपण स्वतः पाहावे, वहीत टिपून ठेवावे, गुरुजींना दाखवावे, असे मला वाटले. दीड कोसावरच्या गावात गुरे आजारी होती. मी वही घेऊन तिथे चालत गेलो. तीन गोठे पाहिले. आजारी बैलांची तोंडे उघडून हिरड्यांवरचे फोड पाहिले, डोळ्यांतला चिकटा बोटाने पुसून पाहिला. तिथले लोक मला काही म्हणाले नाहीत. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "पाहून काय करशीन बापा? बरं करता येते का?" मी म्हणालो, अजून येत नाही. "मंग पाह्य," ती म्हणाली, आणि आत गेली.

दुपारी मी घरी परतलो. हात धोतराला पुसले होते, एवढे आठवते. धुतल्याचे आठवत नाही. दादाची जोडी अंगणात उभी होती. पांढऱ्याला माझ्या हातून गूळ खायची सवय होती. मी गुळाचा खडा त्याच्या तोंडापुढे धरला आणि त्याने माझी बोटे चाटून साफ केली.

त्याच संध्याकाळी आमच्या ओट्यावर गावचा गायकी आला. गावाची गुरे चारणारा हा म्हातारा देवीच्या वणांनी चेहरा भरलेला, आणि बोलायला तिखट. त्याला सगळे गायकीबाबा म्हणत. तो दादाला म्हणाला, "गाडी बंद कर पंधरा दिवस. जोडी आतल्या वावरात बांध. कोणाच्या डोणीत तोंड घालू देऊ नको. दावं बी दुसऱ्याचं नको."

दादाने माझ्याकडे पाहिले. "तुहं पुस्तक काय म्हनते?"

आमच्या पुस्तकात लिहिले होते की असे रोग सखल जागी, ओलीत, कुजक्या पदार्थांच्या वाफेतून उठतात. आमचे आतले वावर नाल्याला लागून होते. शेजारी उकिरडा, वारा नाही, कायम ओल. मला अगदी स्पष्ट दिसले की जोडीला धोका आहे तो तिथेच. मी म्हणालो, "वावरात नको, दादा. तिथली हवा वाईट आहे. बरडावर बांधू. उंच जागा आहे, वारा वाहतो."

बरड म्हणजे गावाबाहेरचे मुरमाड टेकाड. जागा मोकळी खरी, पण कापसाच्या गाड्या तिथेच थांबत. तिथे एक दगडी डोण होती, आणि वाटेने जाणारे बैल त्या डोणीत पाणी पीत.

गायकीबाबा माझ्याकडे वळला. "डाक्तरसाहेब, तठी साऱ्या मुलखाचे बैल तोंड घालते."

"पण हवा चांगली आहे," मी म्हणालो.

"हवा तं हाय. हवा प्याले पाठवून राहिला का बैलाइले?"

वहिनी आतून हसली. मला राग आला. मी पुस्तकातली दोनचार वाक्ये मराठी करून सांगितली. ती म्हाताऱ्याला कळली नसावीत. खरे तर मलाही ती पुरती कळलेली नव्हती. दादा दोघांच्या मध्ये बसला होता. तो उठला आणि म्हणाला, "गायकीबाबा, तुमचं मी आजपावेतो ऐकलं. पन याले शिकवाले पाठोलं तं याचं बी एकदा ऐकाले पाह्यजे."

गाडी बंद ठेवायची हे त्याने म्हाताऱ्याचे ऐकले. जागा माझी ऐकली. दुसऱ्या दिवशी सकाळी जोडी बरडावर बांधली गेली.

त्यानंतर दोन दिवसांनी गावाने तोरण बांधले. आमच्याकडे गुरांवर साथ आली की वेशीत दोन खांबांना आडवा दोर बांधतात, त्याला कडुनिंबाचे डहाळे आणि मंतरलेले लिंबू लावतात, आणि गावातले प्रत्येक जनावर त्याखालून नेतात. एकही मागे ठेवायचे नाही. मागे ठेवले तर साथ त्याच्या पाठीवर बसून गावात राहते, असे मानतात. म्हणून बरडावरून आमची जोडीही आणली. पाचपन्नास जनावरे वेशीत एकदम दाटली. डफ वाजत होता, भगत हळदीचे पाणी शिंपडत होता, बैल एकमेकांच्या पाठीवर तोंडे टाकत होते. गायकीबाबा ओरडून सांगत होता, "एकेक जाऊ द्या. देवीले घाई नाई." पण दोराखालून आपले जनावर आधी जावे असे सगळ्यांनाच वाटत होते. पांढऱ्याच्या मानेवर दुसऱ्या कोणाच्या बैलाची लाळ लोंबताना मी पाहिली. मी ती धोतराच्या पालवाने पुसली.

तोरणानंतर पाचव्या दिवशी पांढऱ्याने चारा सोडला. दुसऱ्या दिवशी कोशाने.

मी वही काढली आणि दिवस मोजू लागलो. मी त्या गावातून आलो तो दिवस, जोडी बरडावर नेली तो दिवस, तोरणाचा दिवस. रोग अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत काही दिवस लागतात, हे देवीवरून ठाऊक होते. पण बुळकांडीला किती लागतात हे कुठे लिहिलेले नव्हते. तिन्ही दिवस इतके जवळजवळ होते की त्यांतला कुठलाही लागू पडे. डोणीचे पाणी असेल. तोरणाखालची लाळ असेल. माझी बोटे असतील. किंवा पुस्तक म्हणते तशी हवाच असेल, आणि बरडावरही ती पोचली असेल. मी एकेक खोडायला बसे आणि एकही खोडता येत नसे.

आमच्या जोडीसारखीच गावात आणखी काही गुरे पडली. त्यांतली काही कधी बरडावर गेली नव्हती, आणि माझ्या हातून गूळही खाल्ला नव्हता. ते कळल्यावर मला हायसे वाटले, आणि हायसे वाटल्याबद्दल लगेच वाईटही वाटले.

दादाने दोन्ही बैल बरडावरून घरी आणले. तो आणि वहिनी त्यांना भाताची पेज पाजत. मी मदत करायला पुढे झालो की दादा म्हणे, "तू राहू दे." रागाने म्हणत नसे. तरी मी दूर उभा राही. पाचव्या दिवशी सकाळी पांढरा मेला. दादा त्याच्या शिंगाला हात लावून बसला होता. मी जवळ गेलो तेव्हा तो म्हणाला, "तोरनाच्या गर्दीत लागलं असंन. तू मनाले लावून घेऊ नको."

त्याने मला वाट काढून दिली होती. मी त्या वाटेने गेलो. गुळाचे काही बोललो नाही.

कोसा वाचला. हाडांचा सापळा झाला, पण उठला. गायकीबाबा येऊन त्याचे तोंड पाहून गेला. जाताना म्हणाला, "याले आता पुन्हा होत नाई." मी विचारले, कशावरून. त्याने स्वतःच्या गालावरचे वण दाखवले. "मले देवी येऊन गेल्या. पुन्हा आल्या का? ढोराचं बी तसंच हाय."

देवीचे हे आम्हाला शाळेत शिकवले होते. एका मुलाच्या दंडावरची लस दुसऱ्याच्या दंडाला टोचायला मी स्वतः शिकलो होतो. तेव्हा ती एका अंगातून दुसऱ्या अंगात जाते हे मी डोळ्यांनी पाहत होतो, आणि तोच मी बैलांना हवा खायला बरडावर बांधून आलो. हे दोन विचार माझ्या डोक्यात शेजारीशेजारी राहत होते आणि त्यांची गाठ पडली नव्हती.

एका बैलाने गाडी चालत नाही. कोशाच्या अंगात बळ आले तेव्हा दादा गायकीबाबाकडे गेला. म्हाताऱ्याकडे एकच बैल होता, मागच्या साथीत बुळकांडी होऊन वाचलेला, वयस्क, एका कुशीचे केस गेलेला. दादाने तो मागितला. मला वाटले होते म्हातारा आता मला ऐकवील. तो फक्त म्हणाला, "ने. पन हवा पाजू नको त्याले."

माझी सुटी केव्हाच संपली होती. दादा कापूस घेऊन अकोल्याला निघाला आणि मी गाडीत कापसाच्या पोत्यांवर बसलो. तिथून पुढे दुसऱ्या गाड्यांबरोबर आगगाडीपर्यंत जायचे होते. गाव मागे पडल्यावर मी दादाला सगळे सांगितले. त्या गावात गेल्याचे, तोंडे उघडून पाहिल्याचे, गुळाचे. दादाची पाठ माझ्याकडे होती. तो बैलांना हाकत राहिला. मग त्याने विचारले, "हात धुतले नव्हते?"

"आठवत नाही."

"हं," तो म्हणाला. त्या हुंकाराचा अर्थ मी अजून लावतो आहे.

दुपारी एका डोणीपाशी गाड्या थांबल्या. बाकीचे बैल डोणीवर गेले. दादाने आमची जोडी लांब झाडाला बांधली, विहिरीतून पोहऱ्याने पाणी काढले आणि वहिनीची पीठ मळायची जुनी लाकडी काथवट गाडीतून काढून तीत ओतले. शेजारच्या गाडीवाल्याने पाहिले.

"काऊन गा, बैलाइले ताट वाढून राहिला?"

"घरात डाक्तर हाय आमच्या," दादा म्हणाला.

गाडीवाले हसले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी दादाजवळ जाऊन हळूच म्हणालो, "दादा, या दोघांना आता पुन्हा होत नाही. गायकीबाबा म्हणाला ना. मग यांना वेगळे पाणी कशाला?"

दादा काथवट धरून खाली बसला होता. कोसा पीत होता आणि पाणी त्याच्या ओठांवरून परत काथवटीत गळत होते.

"याइले होत नाई," दादा म्हणाला. "पन याइच्यापासून दुसऱ्याइले होत नाई, असं तुया पुस्तकात कुठी लिहेल हाय का?"

मी आठवून पाहिले. होकार नव्हता आणि नकारही नव्हता. तो प्रश्नच कुठे नव्हता.

"लिहेल नाई," मी म्हणालो.

"मंग राहू दे लांब," तो म्हणाला. बैलांचे पिणे झाल्यावर त्याने उरलेले पाणी वाटेपासून दूर नेऊन ओतले, काथवट राखेने घासली, आणि पोहरा माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केले. त्याने पाणी घातले. मी बराच वेळ हात धूत राहिलो, आणि तो पाणी घालत राहिला.