दुपारची मिश्री

माझी आई दिवसातून चार वेळा मिश्री लावायची. सकाळी उठल्याबरोबर, दुपारी जेवण झाल्यावर, चारच्या चहाआधी आणि रात्रीची भांडी घासून झाल्यावर. आठवड्यातून एकदा ती तव्यावर तंबाखू काळीभोर होईपर्यंत भाजायची. तेव्हा आम्हा सगळ्यांना ठसका लागायचा आणि आम्ही बाहेर पळायचो. नाशिकच्या आमच्या कॉलनीत निम्म्या घरांतून हा वास यायचा. पुरुषांच्या दारूबद्दल लोक बोलत. बायकांच्या मिश्रीला कुणी व्यसन म्हणत नव्हतं.

दुपारची मिश्री ती एकटी लावत नसे. शेजारच्या खोलीत चांदवडकडची एक विधवा बाई राहायची, शाळेत शिपाई होती. तिची सकाळची शाळा सुटली की दोघी मागच्या दाराशी भिंतीला टेकून बसायच्या. बोट दातांवर फिरत असायचं आणि तोंडात थुंकी धरून अर्धवट बोलणं चालायचं. तेवढा अर्धा तास आईला कुणी हाक मारलेली चालत नसे. त्या बाईला मूलबाळ नव्हतं. मी तिला मावशी म्हणायचे, आई आक्का म्हणायची.

सत्तरच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी अध्यापक विद्यालयात शिकत होते. आईची दाढ दुखायला लागली म्हणून मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बॅटरी मारून गालाच्या आत बघितलं आणि मला जवळ बोलावलं. आत नखाएवढा पांढरा चट्टा होता.

"मिश्री आजपासून बंद," ते म्हणाले. "नाहीतर याचं पुढे काय होईल ते मी सांगायला नको."

आईने घरी येताच डबी मोरीत रिकामी केली. दोन दिवस कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी तिचं डोकं फुटायला आलं, पोट साफ होईना, भाकरी करपली म्हणून स्वतःवरच चिडून तिने परात आपटली. वडील ओझरच्या कारखान्यातून आले तेव्हा ती तव्यापुढे बसून तंबाखू भाजत होती आणि रडत होती.

"माझ्याच्यानं होणार नाही," ती मला म्हणाली. "तू डॉक्टरांना सांग, मला जमत नाही."

मी म्हटलं, "सोडूच नकोस. फक्त उशीर कर."

ही युक्ती मला कुणी शिकवली नव्हती. पोरांना पाढे शिकवताना आम्ही एका दिवसात सगळे शिकवत नव्हतो, एवढंच मला ठाऊक होतं. पहिले पंधरा दिवस तिने चारही वेळा मिश्री लावली, पण तलफ आली की आधी एक हंडा पाणी भरायचं आणि मगच डबी उघडायची. मग डबीत बोट एकदाच बुडवायचं, असं ठरलं. मग चहाआधीची गेली, तिच्या जागी बडीशेप आली. रात्रीची जायला महिना लागला. सकाळची सगळ्यांत चिवट निघाली. गरम पाणी पिऊन ती संडासाच्या रांगेत उभी राहायची आणि बऱ्याचदा तशीच परत यायची. पण तीही सुटली.

दुपारची उरली. आई म्हणाली, "ही राहू दे. एकानं काही होत नाही."

"चट्टा अजून आहे," मी म्हटलं.

"मग मी नुसती बसेन आक्काजवळ. लावणार नाही."

ती दोन दिवस नुसती बसली. तिसऱ्या दिवशी मावशीच्या डबीतली लावून आली. मी वास ओळखला. मला तेव्हा एकोणिसावं लागलेलं. आपण आईला वाचवतो आहोत, हे डोक्यात भिनलं होतं. मी म्हटलं, "तू तिच्याजवळ बसायचंच नाही. निदान सहा महिने."

दुसऱ्या दिवसापासून आई दुपारी दार लावून घेऊन निवडणं-टिपणं करू लागली. मावशीने दोनदा हाक मारली. मग एकदा नळावर मला म्हणाली, "तुझी आय आता आमच्यात बसत नाय. पोरगी शिकली, मोठी झाली. चांगलं हाय."

मी तिला चट्ट्याचं सांगायला हवं होतं. "मावशी, तुम्हीपण दाखवून या," एवढं म्हणायला हवं होतं. मी हंडा उचलून घरात आले.

आईचा चट्टा वर्षभरात गेला. डॉक्टरांनी तिची पाठ थोपटली, आणि मलाच बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं. सहा महिने कधीच सरले होते, पण आई परत त्या भिंतीशी बसायला गेली नाही. मिश्रीसारखी तीही सवय मोडली होती.

मला ऐंशीच्या सुमारास देवळालीकडे शाळेत नोकरी लागली. एका रविवारी घरी आले तर आई मावशीच्या खोलीत होती. मावशी खाटेवर बसलेली, तोंडाला पदर. तिच्या भाच्याने तिला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. गालात जखम होती आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं. फार उशीर झाला, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"किती दिवसांपासून दुखत होतं, आक्का?" आईने विचारलं.

"लय दिवस झाले. सांगू कोनाला?"

परत येताना अंगणातच थांबून आई मला म्हणाली, "रोज समोर बसत असते तर मला दिसलं असतं. तिला भाकरी चावता येईना, हे मला कळलं असतं." मला दोष देत नव्हती. स्वतःलाच सांगत होती.

त्यानंतर आई रोज दुपारी पेज घेऊन तिच्याकडे जायची आणि चमच्याने भरवायची. मावशी त्या अवस्थेतही मिश्री लावत होती. आता सोडून काही फायदा नाही, असं डॉक्टरच म्हणाले होते. पण एक दिवस तिने आईला विचारलं, "तू कशी सोडली? मला बी सांग."

आईने सांगितलं. आधी उशीर करायचा, मग बोट एकदाच बुडवायचं. मी पुढच्या रविवारी गेले तेव्हा मावशीने मला चार बोटं दाखवली आणि त्यातलं एक मिटलं. चहाआधीची सुटली होती. तिचे डोळे हसत होते. मला तिथे उभं राहवेना.

पावसाळा संपता संपता ती गेली. तोवर रात्रीचीही सुटली होती. आई तिचे पाय धुताना सगळ्या बायकांना सांगत होती, "दोनच उरल्या होत्या हो. तिनं दोनवर आणली होती."