सिनेमातल्या पोराले पोहता येते

आमचं घर मूल गावाजवळच्या तलावात मासे धरणाऱ्यांचं. कॉलेजात असताना मी आईला मुद्दाम एक सिनेमा दाखवला. त्यात शाळेतले दोन मुलगे नदीत पोहता पोहता प्रेमात पडतात आणि शेवटी घरचे सगळे आनंदाने नाचतात. तो संपल्यावर मी घाबरत म्हटलं, "मी बी तसाच आहो. मले पोरगा आवडते."

"सिनेमातल्या पोराले पोहता येते," आई म्हणाली. "तुले पाण्याचं भेव वाटते. कोण आहे तुहा तो?"

मी पोंभुर्ण्याच्या मित्राचं नाव सांगितलं. तो रविवारी आला, तेव्हा आईने जेवणाआधी त्याला मला पोहायला शिकवायला लावलं. कमरेएवढ्या पाण्यात मी त्याचा हात घट्ट धरून उभा होतो आणि काठावरून आई सांगत होती, "हात सोड त्याचा, मंग येईन पोहता."