आबा गार खोलीत होते

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात मी नगरजवळच्या एका कीटक-प्रयोगशाळेत नोकरीला होते. लिंबाच्या झाडांवर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण पडतो, त्याला खाणारे ढालकिडे आम्ही वाढवायचो. लाल भोपळ्यांवर ढेकूण पोसायचे आणि ढेकणांवर ढालकिडे. बागेतून मागणी येईपर्यंत ते जगवायचे तर गारवा हवा. आमच्याकडे फ्रिज नव्हता, म्हणून शहरातल्या एका बर्फाच्या कारखान्यात, बटाट्यांच्या गार खोलीत, आमच्या बरण्यांची पेटी असे. गारठ्यात किडे निपचित पडून राहत, मरत नसत.

बाईमाणसानं एकटीनं कारखान्यात जायचं नाही, असं घरात ठरलेलं. त्यामुळे माझे सासरे, आबा, सोबत येत. त्यांना ऐकू कमी यायचं. मी एखादी बरणी तपासायला बाहेर ओट्यावर उजेडात आणली, की ते आत बटाट्याच्या पोत्यावर टेकत. उन्हातून आल्यावर त्यांना तिथं बरं वाटायचं.

त्या दिवशी काष्टीच्या एका बागेसाठी किडे न्यायचे होते. मी ओट्यावर बरणीची मलमल सोडत होते, तेवढ्यात यंत्रघरात काहीतरी फाडकन उडालं. नाकाडोळ्यांत सुया घुसल्यासारखा वास आला. बर्फ गोठवणाऱ्या अमोनियाचा नळ फुटला होता. कामगार पळाले. कुणीतरी मला दंडाला धरून रस्त्यावर ओढलं. खोकता खोकता मी वळून पाहिलं. आबा बाहेर आलेले नव्हते.

मी हाका मारू लागले. शेजारी बसूनही त्यांना माझं बोलणं ऐकू येत नसे, तरी मारत राहिले. पदर तोंडाला लावून धावले, पण पायरीवरच श्वास कोंडला. डोळे उघडेनात, पाय उचलेना. त्या क्षणी मला आबाही आठवले नाहीत, फक्त हवा हवी होती.

यंत्र चालवणाऱ्या मिस्त्रींनी मला बाजूला केलं. ओलं पोतं डोक्यावर घेऊन ते वाकून, जवळजवळ रांगत आत शिरले. मी रस्त्याकडेला बसले. सासूबाईंना कोणत्या तोंडानं सांगू, एवढंच डोक्यात फिरत होतं. हातातली बरणी कधी निसटली, कळलं नाही.

मिस्त्री आबांना ओढतच बाहेर आले. आबांचे डोळे सुजून मिटलेले आणि छातीशी आमची पेटी. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आबा, पेटी कशाला घेतलीत? जीव गेला असता."

ते बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "दार घावंना. हात लावला तिथं पेटीच घावली."

दवाखान्यात डॉक्टरांनी आबांचे डोळे धुतले, पट्टी बांधली आणि नजरेचं आता काही सांगता येत नाही म्हणाले. बाकावर आबा माझा हात धरून बसले होते. पुढे नजर परतली, पण उजवा डोळा कायमचा पाणावलेला राहिला. पेटीतले बहुतेक किडे मेले होते.

कारखाना सुरू झाल्यावर पेटी पुन्हा तिथंच ठेवावी लागली. आबा सोबत यायचे, पण समोरच्या रसवंतीत बसायचे. मी दार सताड उघडं ठेवायचे, गारवा जातो म्हणून मिस्त्री कुरकुरायचे. मी श्वास रोखून बरण्या बाहेर आणायचे.

वर्षभरानं प्रयोगशाळेला फ्रिज मिळाला. सगळे कौतुकानं भोवती जमले. त्याची मोटर घरघरू लागली, तशी मी उठले आणि अंगणात जाऊन उभी राहिले.