तापीत गेलेलं लॉक

मी चोर नाही, हे पटवायला माझ्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरला मागून एक ठोकळा लावावा लागायचा. काडेपेटीएवढा, प्रिंटरची वायर बसते त्या तोंडात. कंपनी त्याला डोंगल म्हणायची, आम्ही लॉक. मराठी टायपिंगचा प्रोग्राम सुरू होताना आधी त्याला विचारायचा. उत्तर आलं नाही की बंद. पदरचे पैसे घालून घेणाऱ्यावरच पहारा. पहिल्या दिवसापासून मला त्याचा राग होता.

तरी त्याच प्रोग्राममध्ये मी आईची आखाजीची, म्हणजे अक्षय्यतृतीयेची, गाणी उतरवली. झोक्यावर म्हणायची, अहिराणीतली. ती सांगायची, मी टाइप करायचे. आता तिला माझं नावही आठवत नाही. गाणी उरली ती त्या फायलींत, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्या उघडल्या की नुसता चिन्हांचा कचरा दिसायचा.

गेल्या खंडेनवमीला प्रकाशा गावातल्या आमच्या घरी औजारांची पूजा मांडली. कॉम्प्युटर पाटावर मावेना. मीच शहाणपणा केला. लॉक काढलं, विळ्या-पान्यांशेजारी ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू. दसरा झाल्यावर जेठांनी, नवऱ्याच्या थोरल्या भावाने, निर्माल्य गोळा केलं आणि तापीत सोडलं, लॉकसकट.

"तेन्हामा काय इतलं? नवं ली या," म्हणाले, आणि चहा मागितला. मी दिला नाही.

कंपनीला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, लॉक हरवलं म्हणजे प्रोग्राम हरवला, आणि तो आम्ही कधीच बंद केलाय. माझ्याकडे बिल आहे, म्हटलं. बिलाने तो उघडत नाही, म्हणाली. खरंच होतं ते, म्हणून जास्त झोंबलं.

शेवटी फायली घेऊन शहाद्याला गेले, लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे. त्याचा प्रोग्राम चोरीचा, हे सगळ्या गावाला माहीत. मी त्याला तोंडावर चोर म्हटलंय, शाळेत शिकवताना वर्गात त्याचं उदाहरण दिलंय. त्याच्या प्रतीतून लॉकला विचारणंच कुणीतरी काढून टाकलेलं. फाइल लगेच उघडली. पडद्यावर आईचं पहिलं गाणं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती, खरोखरच कळत नव्हतं त्याला.

"बाई, तुम्हीन हाई इकत लिन्हं व्हतं? कसाले?"

'चोरीचं वापरू नये, विकत घ्यावं' हे इतकी वर्षं मुलांना शिकवलेलं उत्तर त्या पडद्यासमोर मलाच खोटं वाटलं. याचाच मला भयंकर संताप आला.

"आधी सगळी छापा," मी म्हटलं.