नारळी पौर्णिमा, पहिलं पान आणि पडवळ

"डोळे उघडे ठेवा! मागच्या रांगेतले, जरा आत सरका!"

मी ओरडत होतो. समोर वाडीच्या मित्रमंडळाचे बावीस जण नव्याकोऱ्या निळ्या टी-शर्टांत उभे होते. माझी पाठ समुद्राकडे होती. मी बटण दाबलं आणि त्याच वेळी मागून शे-दीडशे गळ्यांतून आवाज आला, "होय म्हाराजा!" पाठोपाठ पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज. बावीसच्या बावीस जणांचे डोळे उघडे होते, पण कॅमेऱ्याकडे कोणीच बघत नव्हतं. सगळे माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते.

नारळी पौर्णिमेचा नारळ दर्यात गेला होता. मी तेवढ्यासाठीच कुडाळहून आलो होतो.

मी एका जिल्हा दैनिकाचा फोटोग्राफर. आमच्या भाषेत 'असाइनमेंट' म्हणजे साहेब सांगतील तिथे बाइक काढून जाणं. सकाळी ओरोसला उपोषण, दुपारी विहिरीत पडलेला बिबट्या, संध्याकाळी गुरुजींचा सत्कार. उपोषणवाल्यांनी हसू नये आणि सत्कारवाल्यांनी हसावं, एवढं सांभाळायचं. बिबट्याला काही सांगावं लागत नाही.

त्या दिवशीची ऑर्डर आमच्या आवृत्तीप्रमुखांची, देशमाने सरांची होती. सर घाटावरचे, नुकतेच बदलून आलेले. "पहिलं पान, चार कॉलम," ते म्हणाले. चार कॉलम म्हणजे जवळजवळ अर्ध्या पानाची रुंदी. "नारळ हातातून सुटलाय आणि पाण्याला लागलेला नाही, असा क्षण पाहिजे."

म्हणून मी तोंडवलीच्या अलीकडच्या एका वाडीत आलो. वाडीचं नाव सांगत नाही, कारण तिथे मला अजून जावं लागतं. तिथे नारळ द्यायचा मान आबांचा. मान म्हणजे हक्क. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराकडे चालत येतो. आबा सत्तरीचे, काटक, कमी बोलणारे. आधी गाऱ्हाणं होतं, म्हणजे देवाकडे मोठ्याने मागणं. होड्यांना सांभाळ, जाळ्यात मासळी दे, मुंबईत गेलेल्या पोरांना बरं ठेव. प्रत्येक मागणीला गाव "होय म्हाराजा" म्हणतो. शेवटच्या होकाराबरोबर आबांच्या हातून नारळ सुटतो.

गाऱ्हाणं लांबतं, हे मला माहीत होतं. म्हणून मंडळाच्या भाईने "एक ग्रूप फोटो काड रे, दोन मिनटांत" म्हटल्यावर मी वळलो. भाई आबांच्याच भाऊबंदांतला, होमस्टे आणि पर्यटकांच्या बोटी चालवणारा. त्याने हे मुद्दाम केलं का, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मी धावत आबांकडे गेलो. "आबा, परत एकदा टाकाल का? फक्त फोटोसाठी."

आबा धोतराचा ओला सोगा पिळत होते. "एकदा दिलो तो दिलो. दर्या काय बहिरो आसा?"

विषय संपला. गाव प्रसादाला गेलं. मी वाळूतच बसलो. तेवढ्यात भाई आला, हातात नारळांची पिशवी. "असो तोंड पाडून कित्याक बसलंस? माझ्याकडे नारळ आसत. मी टाकतंय, तू काड."

खरं सांगतो, मला त्या वेळी भाई देवासारखा वाटला. त्याने टी-शर्ट उतरवला, सोवळं नेसला, गुडघाभर पाण्यात गेला. पहिला नारळ टाकला तेव्हा लाट आडवी आली. दुसऱ्याला त्याने डोळे मिटले. तिसरा मात्र असा सुटला की काय सांगू! मावळतीचं ऊन, मागे सजवलेल्या होड्या, वर उचललेले दोन हात आणि हातापासून वीतभर वर नारळ. मी तिथूनच मोबाइलवरून फोटो ऑफिसला पाठवला. सरांचा उलट मेसेज आला, "जबरदस्त! कॅप्शन पाठव." कॅप्शन म्हणजे फोटोखालची ओळ.

खुशीत मी आबांच्या घरी चहाला गेलो. कोणी न विचारता त्यांच्या सुनेला कॅमेऱ्यावर फोटो दाखवला. तिचा चेहरा उतरला. तिने कॅमेरा आबांपुढे धरला. आबांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"फोटो बरो इलोहा," ते म्हणाले. "पेपरात येतलो?"

"पहिल्या पानावर."

आबांनी चष्मा काढून सुनेकडे बघितलं. सूनच बोलली. नारळाचा मान आपल्या घराचा, असं भाईचं घर दहा वर्षं सांगत होतं. दरवर्षी बैठक होते आणि दरवर्षी एकच प्रश्न निघतो, कागद खंय आसा? कागद दोन्ही घरांकडे नव्हता. आता मी तो भाईला रंगीत छापून देणार होतो.

"आज गावान बघितल्यान, नारळ मी दिलंय," आबा हळूच म्हणाले. "पण बघणारे आज आसत, उद्या जातले. पेपर र्‍हवतलो."

बस, एवढंच. मला रागावले असते तर बरं झालं असतं. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. माझी एक चूक झाकायला मी या माणसाच्या आजा-पणजाचा हक्क दुसऱ्याच्या हातात दिला होता. मला स्वतःची लाज वाटली. खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन मी ऑफिसला फोन लावला.

"सर, तो फोटो लावू नका."

"पान सोडतोय मी!" पान सोडणं म्हणजे छपाईला पाठवणं. "काय झालं? फोकस गेलाय?"

"नाही सर. फोटो खोटा आहे."

"नारळ खोटा आहे?"

"नारळ खरा आहे. माणूस खोटा आहे."

"मग खऱ्या माणसाचा पाठव."

"तो नाही, सर."

"का नाही?"

इथे रेंज गेली असती तर किती बरं झालं असतं. एरवी जाते. "तेव्हा माझी पाठ समुद्राकडे होती."

मग सर एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "नारळी पौर्णिमेला?"

"आबांचा नुसता चेहरा पाठवू का?"

"लग्न लागून गेल्यावर नुसत्या भटजींचा फोटो छापतात का?" त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्यातल्या सगळ्या पेपरांत समुद्र आणि नारळ होता. आमच्या पहिल्या पानावर, चार कॉलमांत, एक गृहस्थ सात फुटी पडवळ धरून उभे होते. संध्याकाळी ते पडवळ घेऊन ऑफिसात आले होते आणि दुसरं काही हाताशी नव्हतं. मला मेमो मिळाला. पडवळवाल्यांनी वीस अंक जास्त मागवले.

सकाळी सातला भाईचा फोन. "माझो फोटो खंय?"

"जागा कमी पडली, भाई."

"पडवळाक जागा आसा आणि माका नाय? तीन नारळ टाकलंय मी, तीन!"

आबांना मी काही सांगितलं नाही. पण सुनेने खळ्यातलं सगळं ऐकलं होतं.

पुढच्या वर्षी मला परत तिथेच पाठवलं, शिक्षा म्हणून. गर्दीत मी मागे पडलो होतो. गाऱ्हाणं संपलं, शेवटचं "होय म्हाराजा" झालं, आणि नारळ पडल्याचा आवाज काही येईना. आबा दोन्ही हात वर करून पाण्यात उभे. सगळं गाव माना वळवून बघतंय.

"पेपरवालो खंय गेलो?" आबा ओरडले. "अरे, हयसर ये! कॅमेरो लावलंस? बघ नीट. टाकू?"

"टाका," मी म्हटलं. आणि बटण दाबलं. फोटो चार कॉलम लागला. पुढच्या बैठकीत कागदाचा प्रश्न निघाला नाही.

तेव्हापासून त्या वाडीचा क्रमच ठरला आहे. गाऱ्हाणं, होकार, फोटोग्राफरचं "टाका", मग नारळ. आधी मला गंमत वाटली. मग एका वर्षी मला सणकून ताप आला. ऑफिसने दुसऱ्या मुलाला पाठवलं. संध्याकाळी आबांचा फोन आला. "नारळ हातात आसा. तू खंय?"

"आबा, ताप आहे. झोपलोय. दुसरा मुलगा आलाय ना तिकडे?"

"तो कोण? माका तो ठावक नाय. गाडी धाडलंय. आवशीक सांग, गोधडी दी म्हणान."

गाडी भाईची होती आणि चालवायला स्वतः भाई. वाटेत तो म्हणाला, "भरती संपूक इली तुझ्यामुळे." थोड्या वेळाने म्हणाला, "एक माझो पण काड. साइडचो चलात." आईने दिलेली गोधडी पांघरून मी किनाऱ्यावर बसलो आणि कुडकुडत "टाका" म्हटलं. सगळ्या गावाने सुटकेचा निःश्वास सोडला.

ऑफिसात नव्या पोरांना मी सांगतो, क्षण कोणासाठी थांबत नाही, सावध राहा. या वाडीतला थांबतो. म्हणून नारळी पौर्णिमेला मला रजा मिळत नाही.